कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टचं (हातापायांच्या नखांची निगा राखणारीचं) लायसन्स: आधी एवढंच बघ

अगं, घाबरू नकोस, जमण्यासारखं आहे. राज्याच्या बोर्डाने मान्य केलेल्या शाळेत ४०० तास, मग लेखी परीक्षा. प्रात्यक्षिक २०२२ पासून बंद झालंय, त्यामुळे परीक्षेत जिची नखं करून दाखवायची ती मॉडेल शोधत फिरायची कटकट गेली. नव्या मुली डिझाइनच्या मागे लागतात आणि पेपरात निर्जंतुकीकरणावर अडकतात. तेच आधी पक्कं कर.

बाकी घोळ होतात ते असे:

– शाळेला मान्यता आहे का, हे फी भरल्यावर बघणं. आधी बोर्डाच्या यादीत नाव शोध.
– लायसन्स म्हणजेच नोकरीची परवानगी असं समजणं. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असशील तर वर्क परमिट वेगळं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणी इथेच अडकतात.
– पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत न कळवणं. मी नेमकं हेच केलं! नूतनीकरणाची नोटीस गेली जुन्या घरी, आणि मला भरावा लागला दंड.

नूतनीकरण दर २ वर्षांनी. मुदतीत फी भरायची, त्यासाठी वेगळा कोर्स नाही. अ‍ॅक्रिलिकची कृत्रिम नखं, स्वतःचं सलून वगैरे नंतर बोलू. आत्ता शाळा ठरव, आणि काही अडलं तर विचार.