शिडाच्या जहाजांच्या काळात जहाजं फक्त वादळामुळेच बुडायची का? आणि जे वाचायचे त्यांचं पुढे काय व्हायचं?

तुम्ही विचारलंय की जुनी शिडाची जहाजं वादळातच बुडायची का, आणि जहाज फुटल्यावर जिवंत राहिलेली माणसं पुढे कशी जगायची. पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही. वादळात बुडायची, आग लागून जायची, तळ कुजून पाणी शिरायचं, हे सगळं होतंच, पण जहाजांचा एक फार मोठा वाटा भर समुद्रात गेलेला नाही, जमिनीजवळ गेलाय. खडपावर म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, वाळूच्या दांड्यावर, आणि पुष्कळदा चांगल्या हवेत.

माझे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख होते, मंगळूरहून कौलं भरून मुंबईला यायचे. लहानपणी मला वाटायचं की ते वादळाच्या गोष्टी सांगतील, पण ते वादळाबद्दल फार बोलतच नसत. पावसाळ्यात तर गलबत बाहेर काढायचंच नाही, ओढून वर घ्यायचं, झापांनी शाकारून ठेवायचं ते नारळी पौर्णिमेपर्यंत. ते बोलायचे ते खडपांबद्दल. कुठल्या गावच्या समोर पाण्याखाली खडप आहे, भरतीला ते दिसत नाही, कुठल्या देवळाचा कळस कुठल्या डोंगराच्या रेषेत आला की वळायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. किनारा डोळ्यांसमोर असायचा म्हणून हे जमायचं. पण ज्यांना तीन-तीन महिने किनारा दिसतच नाही त्यांनी काय करायचं?

इथेच खरी अडचण होती. उत्तर-दक्षिण आपण कुठे आहोत, म्हणजे अक्षांश, हे दुपारी सूर्याची उंची मोजून बऱ्यापैकी कळायचं. पण पूर्व-पश्चिम किती आलो, म्हणजे रेखांश, हे मोजायला काही साधनच नव्हतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले हे कळलं तर इथल्या दुपारशी ताडून रेखांश निघतो, हे गणित लोकांना माहीत होतं. पण हलत्या जहाजावर, दमट खाऱ्या हवेत महिनोन्महिने बरोबर वेळ दाखवेल असं घड्याळ कुणाकडे नव्हतं, आणि ४ मिनिटं चुकली की १ अंश चुकला, विषुववृत्तावर तो १११ किलोमीटर होतो.

मग करायचे काय तर अंदाज. नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा, तो मागे पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं, त्यावरून वेग, वेगावरून रोजचं अंतर, आणि होकायंत्रावरून दिशा. यात एक मोठी गोम आहे, आणि मला ती समजायला बराच वेळ लागला होता. तुम्ही वेग मोजताय तो पाण्याच्या तुलनेत. पाणीच जर प्रवाहात पुढे चाललं असेल तर तो लाकडाचा तुकडाही तुमच्याबरोबरच वाहतोय, त्यामुळे प्रवाहाने तुम्हाला किती पुढे नेलं हे त्यात दिसतच नाही. रोज थोडं थोडं चुकत जातं, आणि दोन महिन्यांनी नकाशावरचा ठिपका आणि खरं जहाज यांच्यात शेकडो किलोमीटरचा फरक पडलेला असतो.

आता जहाजाची गोष्ट. डच ईस्ट इंडिया कंपनीचं बटाव्हिया नावाचं नवंकोरं जहाज ऑक्टोबर १६२८ मध्ये हॉलंडहून निघालं, जायचं होतं जावा बेटावरच्या बटाव्हिया शहराला, म्हणजे आजच्या जकार्ताला. जहाजावर साधारण ३४० माणसं, खलाशी, सैनिक, व्यापारी, बायका, मुलं, आणि चांदीच्या नाण्यांच्या १२ पेट्या. वर सगळ्यांचा प्रमुख होता फ्रान्सिस्को पेलसार्ट. हा माणूस आपल्याकडे बरीच वर्षं राहिलेला, जहांगीरच्या काळात आग्र्याला कंपनीसाठी निळीचा व्यापार बघायचा. जहाज चालवणारा कप्तान आरियन याकोब्स, आणि या दोघांचं आधीच फाटलेलं होतं, तेही सुरतेत, तिथे याकोब्सने दारूच्या नशेत चारचौघांत पेलसार्टचा अपमान केला होता. कंपनीने नेमके हेच दोघे एका जहाजावर घातले, आणि कंपनीच्या पद्धतीप्रमाणे व्यापारी वर आणि जहाजाचं ज्ञान असलेला कप्तान त्याच्या हाताखाली. मला ही पद्धतच घातक वाटते.

डच लोक तेव्हा ज्या वाटेने जायचे ती हेंड्रिक ब्राउअरने १६११ मध्ये घालून दिलेली. केप ऑफ गुड होपवरून खाली दक्षिणेला ४० अंशाच्या आसपास जायचं, तिथे पश्चिमेचा वारा जोरात आणि कायम असतो, त्याच्यावर सरळ पूर्वेला पळायचं, आणि ठरलेलं अंतर कापलं की डावीकडे वळून उत्तरेला जावा. कित्येक महिने वाचायचे यात. पण ‘ठरलेलं अंतर’ म्हणजेच रेखांश, म्हणजे तेच जे मोजता येत नव्हतं. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा. आणि किनाऱ्याच्याही अलीकडे, साधारण ६० किलोमीटर समुद्रात, हाउटमन आब्रोल्होस नावाची प्रवाळाची बेटं आहेत, इतकी बुटकी की रात्री दिसणं शक्यच नाही. ती कुणाला माहीत नव्हती असंही नाही बरं का, १६१९ मध्येच डच लोकांनी ती पाहून नाव दिलेलं होतं. बेटं माहीत होती, आपण त्यांच्यापासून किती लांब आहोत हे माहीत नव्हतं.

४ जून १६२९, पहाटेच्या आधीची वेळ. चांदणं होतं. पेलसार्ट आजारी, आपल्या खोलीत पडलेला. पहाऱ्यावरच्या माणसाने समोर पाण्यावर पांढरं काहीतरी पाहिलं आणि कप्तानाला सांगितलं की लाटा फुटताना दिसतायत. याकोब्स स्वतः डेकवर होता, त्याने पाहिलं आणि म्हणाला की ते पाण्यावर पडलेलं चांदणं आहे. त्याच्या हिशेबाने जमीन अजून पुष्कळ लांब होती. म्हणून त्याने डोळ्यांपेक्षा हिशेबावर विश्वास ठेवला, शिडं उतरवली नाहीत, आणि थोड्याच वेळात जहाज पूर्ण वेगात प्रवाळावर चढलं.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही खलाशाला लगेच कळेल. ओहोटीला जहाज टेकलं तर आशा असते, भरती आली की तरंगतं. हे जहाज टेकलं ते भरतीच्या सुमाराला. म्हणजे पाणी आता उतरणार, आणि इतकं जड जहाज हळूहळू सगळं वजन खडकावर टाकणार. त्यांनी तोफा समुद्रात ढकलल्या, हलकं करायला मुख्य डोलकाठी तोडली, ती नीट बाहेर न पडता जहाजावरच कोसळली आणि नुकसान आणखी वाढलं. सुमारे ४० माणसं बुडाली. बाकीची होड्यांतून जवळच्या बेटांवर नेली, काही जहाजावरच अडकून राहिली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बुडण्यातून वाचलं की सुटलो असं नव्हतं. प्रवाळाची बेटं म्हणजे गोड्या पाण्याचा थेंब नाही. जहाजातून पाणी थोडंच आणता आलं, पहिल्या काही दिवसांतच माणसं तहानेने मेली, मग पाऊस पडला म्हणून बाकीचे तगले. आजोबांच्या गलबतावर गोड्या पाण्याचं पिंप डोलकाठीजवळ बांधलेलं असायचं आणि त्यातलं डावलं फक्त तांडेलाच्या हातात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. किनारा दिसत असताना सुद्धा हा नियम. इथे तो नियम पाळणारं कुणी उरलं नाही, कारण पेलसार्ट आणि याकोब्स दोघंही मोठ्या होडीत ४८ जणांना घेऊन पाणी शोधायला म्हणून निघाले, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कडे आणि रखरखाट, पाणी जेमतेम, म्हणून ते तसेच पुढे जावाला गेले. उघड्या होडीतून महिनाभर, आणि ४८च्या ४८ जिवंत पोचले. दर्यावर्दीपणा म्हणून ही गोष्ट फार मोठी आहे. पण मागे दोनशेहून जास्त माणसं पाण्याशिवाय सोडून ते गेले हेही तितकंच खरं, आणि ज्या छोट्या बेटावर त्यांनी जाताना चिठ्ठी ठेवली त्याला मागच्यांनी गद्दारांचं बेट असं नाव दिलं.

मागे उरलेल्यांत सगळ्यात वरच्या हुद्द्याचा होता येरोनिमस कॉर्नेलिस, हार्लेम शहरातला एक औषधविक्या, कंपनीत नव्याने भरती झालेला. याने आधी सगळ्या होड्या आणि हत्यारं आपल्या ताब्यात घेतली, मग आपली एक टोळी केली. खाणारी तोंडं कमी करायची आणि सुटकेसाठी जहाज आलं की तेच पळवायचं, असा बेत. सुरुवातीला चोरीच्या आरोपाखाली, मग रात्री आजारी लोकांना, मग उघड उघड, बायका आणि मुलं सुद्धा. दोन-अडीच महिन्यांत शंभराहून जास्त लोक मारले. जहाजावरच्या पाद्र्याची बायको आणि सहा मुलं एका रात्रीत मारली, तो आणि त्याची थोरली मुलगी तेवढे राहिले. मी हे जास्त खोलात लिहीत नाही.

त्याच्याआधी कॉर्नेलिसने एक गोष्ट केली होती. ज्यांची त्याला भीती वाटायची त्या वीसेक सैनिकांना त्याने लांबच्या मोठ्या बेटावर पाणी शोधायला पाठवलं, पाणी मिळालं तर धुराची खूण करा म्हणाला, आणि होड्या परत घेऊन आला. तिथे पाणी नाही, हे तहानेने मरतील, असं त्याने धरलं होतं. त्यांचा पुढारी वीबे हायेस, साधा सैनिक. जवळजवळ तीन आठवडे शोधल्यावर त्यांना पाणी मिळालं, खडकातल्या नैसर्गिक विहिरी, चांगलं गोडं पाणी. शिवाय त्या बेटावर वॉलबी म्हणजे कांगारूसारखे छोटे प्राणी, पक्षी, अंडी. त्यांनी खूण केली, एकदा नाही अनेकदा, पण कुणी आलं नाही. मग फळकुटांवरून, पोहत, एकेक जण तिकडून जीव वाचवून यायला लागला आणि हायेसला कळलं पलीकडे काय चाललंय. त्याची माणसं वाढत पन्नासच्या जवळ गेली. बंदुका नाहीत, तर त्यांनी जहाजाच्या वाहून आलेल्या लाकडांत खिळे ठोकून गदा केल्या, पिंपांच्या लोखंडी पट्ट्यांचे भाले केले, दगडावर दगड रचून आडोसा उभा केला. कॉर्नेलिसने दोन-तीनदा हल्ला केला, शेवटी बोलणी करायला स्वतः आला तेव्हा हायेसने त्यालाच पकडलं.

१७ सप्टेंबरला उरलेली टोळी बंदुका घेऊन परत चाल करून आली होती, गोळ्या चालू होत्या, आणि त्याच वेळी क्षितिजावर शीड दिसलं. पेलसार्ट सार्डाम नावाचं जहाज घेऊन आला होता. दोन्ही बाजूंनी होड्या सुटल्या, जो आधी पोचेल त्याची बाजू खरी ठरणार, आणि हायेस आधी पोचला.

यातली एक गोष्ट लोक सहसा लक्षात घेत नाहीत. पेलसार्ट जाताना उघड्या होडीतून साधारण महिन्यात जावाला पोचला होता, पण परत येताना धड जहाज असून त्याला दोन महिन्यांच्या वर लागले. कारण ती बेटं नेमकी कुठे आहेत हेच त्याला सांगता येईना, आसपास घिरट्या घालत राहिला. ज्या कारणाने जहाज फुटलं त्याच कारणाने मदत उशिरा आली, आणि त्या दिवसांत इकडे खून होत होते.

कॉर्नेलिसला तिथेच बेटावर हात तोडून फाशी दिली. दोघांना फाशीऐवजी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सोडून दिलं. सार्डामवर मुद्दाम गुजराती पाणबुडे आणले होते, जहाजातली चांदी काढायला. दमावर बुडी मारून, त्या लाटांमध्ये, १२ पैकी १० पेट्या वर काढल्या गेल्या. त्या पाणबुड्यांची नावं काय, कुठल्या गावचे, याबद्दल मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

रेखांशाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १७०७ मध्ये इंग्लंडच्या आरमाराची ४ जहाजं आपल्या घराच्या दारात, सिली बेटांच्या खडकांवर एका रात्रीत गेली, दीड हजाराच्या आसपास माणसं मेली, त्यात आरमाराचा प्रमुख अधिकारीही. १७१४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्यभर खपून घड्याळं केली, चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाला निघालं आणि ८१ दिवसांत फक्त ५ सेकंद मागे पडलं. ५ सेकंद म्हणजे विषुववृत्तावर साधारण सव्वादोन किलोमीटर. याकोब्सकडे असं घड्याळ असतं तर त्या पहाटे त्याने चांदणं म्हटलं नसतं. पण घड्याळं महाग होती, सगळ्या जहाजांवर यायला पुढे कित्येक दशकं गेली, आणि तोवर त्याच वाटेवर डच लोकांनी आणखी जहाजं घालवली, १७२७ मध्ये झेविक नावाचं एक तर पुन्हा याच आब्रोल्होस बेटांवर.

बटाव्हियाचं फुटलेलं जहाज १९६३ मध्ये सापडलं. मागच्या बाजूचा सांगाडा वर काढून फ्रीमँटलच्या म्युझियममध्ये ठेवलाय. त्याच्याबरोबर बटाव्हिया शहराच्या किल्ल्याची दगडी वेससुद्धा निघाली, १३७ घडीव दगड, हॉलंडहून सुटे घडवून जहाजाच्या तळात वजन म्हणून ठेवलेले, तिथे पोचल्यावर रचायचे होते. ते ३०० वर्षांवर समुद्राच्या तळाशी होते. आणि हायेसच्या माणसांनी रचलेल्या त्या ओबडधोबड दगडी भिंती वेस्ट वॉलबी बेटावर अजून उभ्या आहेत, युरोपियन माणसांनी ऑस्ट्रेलियात बांधलेलं सगळ्यात जुनं बांधकाम त्यालाच धरतात.