खुब्याचा सांधा बदलल्यावर लंगडणं जायला बायोफीडबॅकचा खरंच उपयोग होतो का, की पैसे घालवायचे धंदे?

होतो. तुमच्या आईंचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, दुखणं गेलं, तरी त्या लंगडतात, आणि घरचे म्हणतात "चालत राहिलं की आपोआप सुटेल". हे साफ चूक आहे. आमच्या घरात हेच वाक्य इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा खुबा मिरजेत बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. वॉकर सुटला, काठी आली, पण उजवं पाऊल टेकलं की अंग त्या बाजूला कलायचं. थोरले चुलते, तात्या, रोज संध्याकाळी त्यांना आमराईत फेऱ्या मारायला न्यायचे आणि मागून ओरडायचे, "अरे नीट चाल की!" जितकं चालले तितकं ते कलणं पक्कं होत गेलं.

वर्षानुवर्षं दुखरा पाय जपताना शरीराला तीच सवय लागते. सांधा बदलला तरी ती राहते, आणि माणसाला ती जाणवतच नाही. दोन्ही पायांवर सारखाच उभा आहे, असं अण्णा शपथेवर सांगायचे. मग विश्रामबागेतल्या फिजिओताईंनी एकसारखे दोन वजनकाटे शेजारी ठेवले आणि एकेक पाय एकेका काट्यावर ठेवायला सांगितला. उजवीकडं 26 किलो, डावीकडं 42.

अण्णांची हयात मार्केट यार्डात हळद तोलण्यात गेली. माणसाचं बोलणं ते मनावर घेत नाहीत, काट्याचं घेतात. आधी म्हणाले, काटा बिघडलाय. स्वतःच काट्यांची अदलाबदल करायला लावली. आकडे पायामागंच गेले. त्यानंतर कुणी सांगायची गरज उरली नाही. उजवीकडं 30, मग 32, असं करत ते बरोबरीला आले. बायोफीडबॅक म्हणजे एवढंच: शरीर करतंय ते त्याच क्षणी दिसलं पाहिजे किंवा ऐकू आलं पाहिजे. "नीट चाल" हे पाऊल पडून गेल्यावर येतं, आणि नक्की काय करायचं ते त्यात नसतंच.

तात्या म्हणायचे, "काट्यावर उभं राहून कुणी चालायला शिकतं काय?" उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे खरंच. म्हणून पुढं खुब्याच्या बाजूला चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावून ग्लुटिअस मीडियस हा स्नायू किती काम करतोय ते पडद्यावर दाखवतात. एका पायावर भार असताना कंबर सरळ धरणारा स्नायू हाच. तो ढिला असला की माणूस कलतो. बुटात सेन्सरचा सोल घालून पुरेसा भार पडला की आवाज करणारी साधनंही असतात. अमेरिकेत व्हाइट आणि लायफेसो यांनी 2005 साली हेच ट्रेडमिलवर तपासलं होतं, चालता चालता पडद्यावर दोन्ही पायांचा भार दाखवून. तात्यांना मी हेही सांगितलं होतं. पण घरात पोरीचं कोण ऐकतं!

आता काही गोष्टी. पूर्ण भार द्यायची परवानगी सर्जननं दिली नसेल, तर काटा उलट कामाला येतो, ठरलेल्या किलोच्या वर जाऊ नये म्हणून. दोन पायांच्या लांबीत फरक पडला असेल तर आधी ते मोजून घ्या, तो फरक बायोफीडबॅकनं जाणार नाही. काठी चांगल्या पायाच्या हातात. घरी काटे वापरताना पुढं वॉकर आणि मागं माणूस हवाच. आकडा बघायला खाली वाकू देऊ नका, तुम्ही वाचून सांगा. जमायला लागलं की आकडा सांगणं कमी करत जा, नाहीतर काट्यावर सरळ आणि रस्त्यावर वाकडं असं होतं. पोटरी सुजली, लाल झाली किंवा मांडीत नव्यानं दुखायला लागलं, तर आधी डॉक्टर.

खर्च फिजिओगणिक वेगळा, तो तिथंच विचारा. मशीन नसलेल्या फिजिओकडं जावं लागलं तरी चालेल, पण नुसता शेक देऊन परत पाठवणाऱ्याकडं आईंना नेऊ नका.