क्लायंट एकच ठेव, रिक्वेस्ट कितीही पाठव

भाऊ, रावेर, चोपडा, यावलचे केळीभाव आणताना तू लूपमध्ये दरवेळी नवा एचटीटीपी क्लायंट (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा ऑब्जेक्ट) उघडून बंद करतोयस. ते आधी थांबव. डॉट नेटमध्ये ऑब्जेक्ट बंद केला तरी खालचं टीसीपी कनेक्शन टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत, काही वेळ अडकून राहतं. रिक्वेस्ट वाढल्या की नव्या कनेक्शनला लागणारे पोर्ट क्रमांकच संपतात. शिवाय टीएलएसचा हँडशेक, म्हणजे सुरक्षित कनेक्शन जुळवायची बोलणी, दरवेळी पहिल्यापासून.

एकच स्टॅटिक (सगळ्या प्रोग्रामला सामाईक) क्लायंट ठेव, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडमधून बिनधास्त वापर. डिफॉल्ट हेडर (प्रत्येक रिक्वेस्टसोबत आपोआप जाणारी माहिती) मात्र मध्येच बदलू नकोस. शेतकऱ्याची ओळख सांगणारं टोकन ज्या-त्या रिक्वेस्ट मेसेजवरच लाव, नाहीतर एका शेतकऱ्याचं टोकन दुसऱ्याच्या रिक्वेस्टला जाईल. याला मी सगळ्यात जास्त घाबरतो.

डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या नावामागचा पत्ता, बदलला तरी उघडं कनेक्शन जुन्याच पत्त्यावर जातं, म्हणून क्लायंटची कनेक्शन सांभाळणाऱ्या सॉकेट्स एचटीटीपी हँडलरवर पूल्ड कनेक्शन लाइफटाइम 15 मिनिटं दे, म्हणजे जुनं कनेक्शन त्यानंतर वापरलं जाणार नाही.