मुलीला गुरुत्वीय भिंगावर संशोधन करायचंय, पोटापाण्याचं काय?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन एस.वाय.ला आहे, विश्वरचनाशास्त्रात गुरुत्वीय भिंगावर संशोधन करायचं म्हणते. तुम्ही विचारलंय, ‘त्यापेक्षा बी.एड. करायला सांगू का?’

इतक्यात नको. ती कशाच्या मागे आहे ते आधी पाहू. जड वस्तूजवळून जाताना प्रकाश वळतो, म्हणजे ती वस्तू भिंगासारखी वागते; हेच गुरुत्वीय भिंग. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) वळेल, असं आइन्स्टाइनचं गणित सांगत होतं. न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मंच येतं. १९१९च्या खग्रास ग्रहणात मोजमाप झालं, ते आइन्स्टाइनच्या बाजूने गेलं. आता हीच गोष्ट दूरच्या दीर्घिकांवर, म्हणजे गॅलक्सींवर, तपासतात. वाटेतल्या वस्तुमानामुळे त्यांचा आकार जेमतेम टक्काभर ताणला जातो. दीर्घिका मुळातच लांबट-चपट्या, त्यामुळे एकाच दीर्घिकेकडे पाहून काहीच कळत नाही. लाखोंची सरासरी काढावी लागते. याहून नाजूक परिणामही आहेत. आपल्या दिशेने सरकणारी जवळच्या विश्वातली दीर्घिका तिच्या ताम्रसृतीवरून (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्यावरून) वाटते त्याहून खरी लांब असते, म्हणून अपेक्षेपेक्षा लहान दिसते. याला डॉप्लर लेन्सिंग म्हणतात. ते पकडायचं तर दुर्बिणीची आणि स्वतःच्या प्रोग्रॅमची चूक आधी शोधावी लागते.

म्हणून तिला एवढंच विचारा: एका चुकीपायी तीन दिवस संगणकासमोर बसायला आवडेल का? कृष्णविवरांच्या चित्रांनी भारावून आलेली हुशार मुलं इथेच कंटाळलेली मी पाहिली आहेत. तिला आवडत असेल, तर वेळ उत्तम आहे. युक्लिड दुर्बीण जुलै २०२३मध्ये अवकाशात गेली, चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं २०२५मध्ये आली. एवढी माहिती चाळायला माणसं लागणारच.

टी.वाय.ला असताना जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी, एम.एस्सी. आयआयटीतून करावी, पुढे पीएच.डी.साठी पुण्याची आयुका किंवा टीआयएफआर या संशोधन संस्था. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएच.डी.चा खर्च तुमच्यावर पडत नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र थोड्या आहेत, हे तिला आजच सांगा. नाहीच जमलं, तरी गोंधळातून बारीकसा संकेत वेगळा काढण्याची सवय हवामान, वैद्यकीय प्रतिमा, बँकांचं जोखीम-गणित, सगळीकडे चालते.

यंदा सुट्टीत तिने पायथन आणि संख्याशास्त्र पक्कं करावं. पत्रात तिचे गणिताचे गुण नाहीत. तेवढे कळवा, जॅमच्या तयारीचं वेळापत्रक त्यावरून ठरवता येईल.