घर आणि कार्ड: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात गृहकर्जावर लिहिलं त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं क्रेडिट कार्डाबद्दलची निघाली, याचं मला जरा आश्चर्यच वाटलं. पण बँकेत होम लोनच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर वाटायला नको होतं खरं तर. घर शोधायला लागलं की फोनवर ऑफरांचा पाऊस सुरू होतोच.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघंही नोकरी करतो, हातात मिळून महिना १ लाख ५ हजार येतात, दुसरं कुठलं कर्ज नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये ६२ लाखांचा रेडी फ्लॅट बघितलाय, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेली आहे. आमच्याकडे १२ लाख जमलेत. बँक म्हणते ८० टक्केच लोन देऊ. हिशोब केला तर ५ लाख कमी पडतायत. माझ्या क्रेडिट कार्डाच्या ॲपवर बरोबर ५ लाखांचं प्री-अप्रूव्ह्ड लोन दिसतंय, कागदपत्रं नाहीत, प्रोसेसिंग फी शून्य, १५ टक्के व्याज, ३ वर्षं. हे घेऊन डाउन पेमेंट भरलं तर काय बिघडलं? मिस्टर म्हणतात सगळे असंच करतात.

सगळे करत नाहीत हो, जे करतात आणि ज्यांचं निभावतं तेवढेच मोठ्याने सांगतात.

तुमचा हिशोब बरोबर आहे. ८० टक्क्यांचा नियम त्या मॅनेजरने काढलेला नाही, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचंच बंधन आहे, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ४९ लाख ६० हजार लोन, १२ लाख ४० हजार तुमचे, वर तुमच्याकडची ७ टक्के स्टॅम्प ड्युटी ४ लाख ३४ हजार आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, झाले १७ लाख ४ हजार. ओसी आल्यामुळे जीएसटी नाही, तेवढं बरंय.

आता कार्डाचं बघू. ५ लाख, १५ टक्के, ३६ महिने, हप्ता साधारण १७,३०० येतो. आणि ४९ लाख ६० हजारांच्या होम लोनचा हप्ता, समजा ८.५ टक्क्यांनी २० वर्षं धरलं, तर ४३,००० च्या आसपास. बँक काय बघते, तर सगळे हप्ते मिळून पगाराच्या किती टक्के जातायत. प्रत्येक बँकेचं माप थोडं वेगळं असतं पण तुमच्या पगाराला निम्मं धरून चाला, म्हणजे ५२,५०० पर्यंत. नुसतं होम लोन त्यात आरामात बसतं. कार्डाचा हप्ता आधी मांडला की उरले ३५,२००, आणि एवढ्या हप्त्यात होम लोन बसतं साडेचाळीस लाखांचं. म्हणजे ५ लाख मिळवायला गेलात आणि तिकडे ९ लाख घालवून बसलात. हे त्या ॲपवर कुठेही लिहिलेलं नसतं, आणि कसं असणार, त्या ॲपला काय माहीत तुम्ही घर घेताय.

मग लोक हुशारी करतात की सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, हातात आलं की मग कार्डाचं लोन घ्यायचं. माझ्यासमोर एक जोडपं असंच बसलं होतं, सँक्शन झालेलं, रजिस्ट्रेशनची तारीख ठरलेली, घरमालकाला बयाणा दिलेला. चेक देण्याआधी बँकेने क्रेडिट रिपोर्ट परत काढला आणि त्यात तीन आठवड्यांपूर्वीचं नवं कर्ज दिसलं. सँक्शन म्हणजे चेक नव्हे, त्यात "परिस्थिती बदलल्यास" असं एक कलम असतंच असतं. आणि २०२५ च्या जानेवारीपासून तर बँकांना निदान दर पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडे, माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वी महिना-दीड महिना झाकलं जायचं तेही आता जात नाही. शिवाय तुम्ही स्वतःचे १७ लाख कुठून आणले हे बघायला ६ महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, त्यात एका दिवशी अचानक ५ लाख जमा झालेले दिसले की विचारणारच.

आणि एक, तुम्ही लिहिलंय १५ टक्के, पण ते कसं मोजलंय ते बघा. बऱ्याच वेळा महिना ०.८ टक्के वगैरे लिहिलेलं असतं, आपण बाराने गुणतो आणि ९.६ म्हणून खूश होतो. ते व्याज 'फ्लॅट' पद्धतीचं असलं, म्हणजे फेडत आलात तरी व्याज पहिल्या रकमेवरच चालू, तर खरा दर १७ टक्क्यांच्या आसपास जातो. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो तो वेगळा.

मग करायचं काय? आधी ५ लाखांचा खड्डाच लहान करा. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतलात तर महाराष्ट्रात बाईच्या नावावरच्या घराला स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, इथेच ६२ हजार वाचले. (दोघांच्या नावावर घेतलं तर नाही मिळत, आणि मिस्टर मालक नसले तर हप्ते भरूनही त्यांना घराची टॅक्सची वजावट मिळायची नाही, तेवढं सीएला विचारून घ्या.) दोघांच्या पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात, नोकरीला किती वर्षं झालीत ते तुम्ही लिहिलं नाहीये पण आधी तिथेच बघा, ते कर्ज नाही, हप्ता नाही. जुनी एलआयसी पॉलिसी असेल तर तिच्यावर १० टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं. सासरच्यांकडून किंवा माहेरहून मदत होणार असेल तर लाज बाळगू नका, खात्यावर घ्या आणि साध्या कागदावर लिहून ठेवा. एवढं करूनही २ लाख कमी पडले तर मी म्हणेन फ्लॅट ५४ लाखांचा शोधा. मिस्टरांना राग येईल, येऊ दे.

ता.क. म्हणून तुम्ही विचारलंय की मिस्टरांचा मित्र म्हणतो, मेहुण्याला भाडं दिलं असं दाखवून कार्ड स्वाइप करा, एक-दीड टक्का जातो आणि रोख हातात येते. ते दिवस गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नियम आले, ज्याच्याशी ॲपचा रीतसर करार नाही अशाला पैसे पाठवता येत नाहीत म्हणून ॲपवाल्यांनी कार्डावरून भाडं भरणंच बंद केलं. आणि चालू असतं तरी खोटं भाडं ते खोटंच.

प्रश्न : ठाण्यात अंडर-कन्स्ट्रक्शन फ्लॅट बुक करतोय, ८५ लाखांचा. बुकिंगचे २ लाख बिल्डर कार्डावर घ्यायला तयार आहे, २ टक्के चार्ज लावून. बँकेचा माणूस म्हणतो आमचं नवीन कार्ड घ्या, लाइफटाइम फ्री, २ लाख खर्च केले की १० हजारांचं ट्रॅव्हल व्हाउचर. पैसे माझ्या खात्यात आहेत, बिल लगेच भरीन. फुकटचे १० हजार का सोडू?

पैसे खात्यात आहेत म्हणताय म्हणून तुमच्याशी वेगळं बोलते, वरच्या ताईंसारखं नाही.

२ टक्के म्हणजे ४ हजार गेले. व्हाउचर १० हजारांचं, पण त्याच्या अटी वाचा, कारण भाडं, वॉलेट, सरकारी भरणा असे बरेच प्रकार ऑफरमधून वगळलेले असतात आणि बिल्डरचं मशीन कुठल्या प्रकारात नोंदलंय हे स्लिपवर दिसत नाही. त्या बँकेच्या माणसाला "बिल्डरला दिलेले पैसे धरले जातात का" हे ईमेलवर विचारा. तोंडी "हो सर, होऊन जाईल" म्हणाला तर त्याला काही अर्थ नाही, टार्गेटवाल्याला सगळंच होऊन जातं.

खरी अडचण दुसरीच आहे. नव्या कार्डाचा अर्ज केला की रिपोर्टवर एक चौकशी पडते, वर नव्या कार्डाचं लिमिट समजा अडीच लाख आणि त्यातले २ लाख वापरलेले, म्हणजे ८० टक्के वापर. ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा मानतात. तुम्ही बिल पूर्ण भरणार हे तुम्हाला माहितीय, रिपोर्टला नाही, त्या पंधरवड्यात जे दिसेल ते दिसेल. आणि नेमकं त्याच महिन्यात तुमची होम लोनची फाइल जाणार. हल्ली बऱ्याच बँकांचा व्याजदर क्रेडिट स्कोअरला बांधलेला असतो. पाव टक्का जरी जास्त लागला तरी ५० लाखांच्या लोनला २० वर्षांत १ लाख ९० हजार होतात. १० हजारांच्या व्हाउचरसाठी हे?

म्हणून, लोनचा चेक गेल्यानंतरच नवं कार्ड. आत्ता हातात असलेल्या जुन्या कार्डाचं लिमिट ७-८ लाख असेल आणि त्यावर बिल्डर काही चार्ज लावत नसेल तर खुशाल वापरा, स्टेटमेंट निघायच्या आधीच पैसे भरून टाका. चार्ज लावत असेल तर एनईएफटी करा आणि विषय संपवा.

बुकिंग रद्द करायची वेळ आली तर कार्डाचं आणखी एक लफडं होतं, पैसे परत कार्डावर येतात, पॉइंट काढून घेतले जातात आणि ते ४ हजार बिल्डर देत नाही. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही, नंतर टप्प्याटप्प्याने २ टक्क्यांपर्यंत, असं आहे, तुमचं लेटर त्या नमुन्यासारखं आहे का ते बघून मगच सही करा. आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर, म्हणजे साडेआठ लाखांच्या वर, एक रुपया द्यायचा नाही. बिल्डरला तो मागता येत नाही, कायदाच आहे तसा.

प्रश्न : ताबा मिळाला, लोन सुरू झालं. फर्निचर आणि फ्रिज-वॉशिंग मशीन मिळून १ लाख ८० हजार. ९ महिने नो-कॉस्ट ईएमआय घेऊ का? — नाशिक

घ्या, पण नो-कॉस्ट नसतं ते. महिना २० हजार भराल, बँक त्यात १६ टक्क्यांच्या हिशोबाने साधारण ११,४०० व्याज धरते आणि दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी कापून देते. त्या व्याजावरचा जीएसटी २ हजारांच्या वर, तो तुमच्या खिशातून, वर दोनशे-तीनशे प्रोसेसिंग. त्यामुळे आधी दुकानात विचारा, एकरकमी दिले तर ११ हजार कमी करता का? नाशिकचे दुकानदार करतात, मी करून घेतलेत! नाही म्हणाला तर ईएमआय.

फक्त एक हप्ता चुकला की कार्डाचं नेहमीचं व्याज लागतं, महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यानंतर कार्डावर भाजी घेतलीत तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून. होम लोनचा हप्ता ज्या खात्यातून जातो त्याच खात्याला ऑटो-डेबिट लावून टाका.

प्रश्न : लोनआधी जुनी, न वापरलेली तीन कार्डं बंद करू का?

सगळ्यात जुनं ठेवा, त्याचा इतिहास कामाला येतो. वार्षिक फी लागणारी बंद करायची असतील तर लोनच्या अर्जाच्या दोन-तीन महिने आधी करा, त्याच आठवड्यात नको. कार्डावर काही देणं बाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाही केलं तर पुढे दर दिवशी ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. कस्टमर केअरवाली "सर, तुम्हाला त्याऐवजी अपग्रेड देते" म्हणाली की ही ५०० रुपयांची गोष्ट काढा, फोन लवकर संपतो.