सर्कल बांधलं म्हणजे राउंडअबाउट झाला असं नाही ओ!

मागं एकदा वनवे आणि सर्कलवर लिहिलं होतं, तेव्हापासनं तेच तेच प्रश्न येतायत, त्यातले निम्मे चहाच्या गाड्यावर ऐकलेले. म्हणून यावेळी एकदमच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न: गल्ली वनवे केल्यापासनं गिऱ्हाईक फिरकत नाही. परत टू-वे होईल का? (दुकानदार, शहापूर, बेळगाव)

होईल की, पण आधी टेप घेऊन रस्ता मोजा. दोन्हीकडं कर्ब, म्हणजे कडेला उंच दगड, असलेल्या दोन लेनच्या रस्त्याला आयआरसीच्या (रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस) हिशेबानं साडेसात मीटर लागतात, आणि ते मोकळे साडेसात, तुमच्या पायरीपासनं समोरच्या पायरीपर्यंतचे नव्हेत. दोन्ही कडेला स्कूटरी आडव्या लावल्या की चार मीटर तिथंच गेले. वनवेत समोरनं कोण येत नाही म्हणून पोरं गाड्या सुसाट हाणतात आणि शंभर पावलांवर जायला अख्खा फेरा पडतो, हेही खरंय, टू-वेनं वेग आपोआप उतरतो. पण दुकानापुढं सकाळपासनं रात्रीपर्यंत मालकाचीच बाइक उभी असेल तर गिऱ्हाईक थांबणार कुठं? वनवे पोलिसांच्या आदेशानं लागतो, निघतोही तसाच. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ट्रॅफिक पोलिसांकडं लेखी अर्ज द्या, एक प्रत महानगरपालिकेला.

प्रश्न: राउंडअबाउटला यू-टर्न चालतो का?

चालतो. मधल्या गोलाभोवती पूर्ण फेरी मारून, उलटं घुसून नव्हे.

प्रश्न: सर्कलमध्ये आधी कोण जायचं? रोज भांडणं होतात. (कॉलेज विद्यार्थिनी, टिळकवाडी)

आतला. जो आधीच फिरतोय तो. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये हे सरळ लिहिलंय. आपण डावीकडनं गाडी चालवतो, म्हणजे शिरताना उजवीकडं बघायचं, तिकडनं कोण येत असेल तर थांबायचं, संपलं. उलटं केलं, म्हणजे शिरणाऱ्याला आधी जाऊ दिलं, की आतला थांबतो, त्याच्या मागचा दुसऱ्याची बाहेर पडायची वाट अडवतो, आणि दोन मिनिटांत चारी तोंडं बंद. ब्रिटनमध्ये पण हाच घोळ होता, 1966 मध्ये आतल्याला हक्क दिला आणि मग ती सर्कलं नीट चालायला लागली.

आता माझं दुखणं सांगतो. आपल्याकडं सिग्नल असला तरी सर्कल, पुतळा असला तरी सर्कल, नुसते चार रस्ते आले तरी सर्कलच. राउंडअबाउट म्हणजे मधला गोल नव्हे ओ, आत शिरायची वाट वळवलेली असणं म्हणजे राउंडअबाउट. वाट वळली की गाडी हळू होते, हळू झाली की थांबता येतं. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्या एकमेकींना भिडू शकतील अशा 32 जागा असतात, एकेरी लेनच्या राउंडअबाउटला 8. पण रस्ते सरळच्या सरळ ठेवून मधे कारंजं बांधलं, त्याला ग्रिल, ग्रिलला वाढदिवसाचे फ्लेक्स, तर पलीकडनं येणारा दिसणार कसा? सार्वजनिक रस्त्यावर नवे पुतळे नकोत असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय, पण फ्लेक्सवाल्या भाऊंना कोण सांगणार! परवा एका चौकात सकाळी साडेआठला अर्धा तास उभा राहिलो. शिरणारा प्रत्येक जण हॉर्न मारून आतल्याला थांबवत होता आणि आतला बिचारा थांबत होता. एक आजोबा दुधाचे कॅन लावलेली एम-ऐंशी घेऊन गोलाला चिकटून पाय टेकून उभे, हक्क त्यांचाच होता. तुमच्या चौकात 'आतल्याला वाट द्या' असे बोर्ड आणि शिरायच्या जागी पट्टे आहेत का बघा, नसतील तर फोटो काढून महानगरपालिकेच्या इंजिनिअरला भेटा. नुसतं भांडून काय होणार नाही.

प्रश्न: सीझनला दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर येतात, ते वळणार कसे? (निपाणीजवळचे शेतकरी)

चांगला प्रश्न, आणि नकाशा काढणारे नेमके हेच विसरतात. वळताना मागच्या ट्रॉलीची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. म्हणून मधल्या गोलाभोवती कमी उंचीचा दगडी पट्टा ठेवतात, एप्रन म्हणतात त्याला, ट्रॉलीचं चाक त्यावर चढून उतरतं, कारवाला मात्र हादरा नको म्हणून बाहेरनं जातो. किती रुंद ठेवायचा हे अंदाजानं ठरवू नका, काम सुरू व्हायच्या आत पीडब्ल्यूडीच्या इंजिनिअरला भरलेल्या ट्रॉलीसकट एक फेरी मारून दाखवा.

प्रश्न: एक एजंट रेडिमेड रबरी राउंडअबाउट 'एका दिवसात' बसवून देतो म्हणतोय, ग्रामपंचायतीनं घ्यावा का?

नको. आधी मोजणी, मग डिझाइन, मग खरेदी. थ्रीडी व्हिडिओत गाड्या कधीच अडकत नसतात. रस्ता राज्याचा का जिल्हा पंचायतीचा हे पण विचारून घ्या, नाहीतर उद्या उखडायचा खर्च तुमच्याच माथी.

प्रश्न: 'पंधरा दिवस ट्रायल' म्हणून चौकात ठेवलेले ड्रम निघणार कधी?

ट्रायलच्या आदेशावर तारीख असते, माहिती अधिकारात ती मागा, आणि ट्रायलमध्ये गाड्या मोजल्या का तेही विचारा, न मोजता कसली ट्रायल! आमच्याकडच्या ड्रमांत दोन पावसाळ्यांचं पाणी साठून डास झालेत, त्यासाठी मात्र आरोग्य खात्याला भेटा.