प्रत्येक इंजिनाची खोड वेगळी

रुळांवरच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न, निवृत्त लोको पायलटची उत्तरं

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. घरच्या कॉम्प्युटरवर ‘ओपन रेल्स’ या ट्रेनच्या खेळात दोन वर्षांपासून डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन चालवतोय. आता वाटतं, खरं इंजिन हातात दिलं तर निदान मिरज ते पुणे गाडी तरी मी नेईन. मित्र हसतात. खेळातलं इंजिन आणि खरं इंजिन यांत नक्की फरक किती? (एक वाचक, मिरज)

उत्तर : हसू दे मित्रांना. माझा नातू तुझ्याच वयाचा आहे आणि त्याचंही हेच म्हणणं आहे. गेल्या दिवाळीत त्याने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर अल्कोची केबिन. आम्ही डब्ल्यूडीएम-२ ला अल्कोच म्हणायचो. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं हे इंजिन १९६२ साली आपल्याकडे आलं आणि १९६४ पासून वाराणसीला बनायला लागलं. पडद्यावरचे मीटर जागच्या जागी, भोंगा अगदी खरा. मी खूश. नातू म्हणाला, “आजोबा, डी दाबलं की नॉच वाढतो.” (नॉच म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायच्या हँडलचा एकेक टप्पा.) माझं बोट जड पडलं आणि दोन सेकंदांत आठवा नॉच लागला. गाडी मुकाट्याने निघाली, हळूहळू वेग घेऊ लागली. मी हसायला लागलो. तो विचारतो, “काय झालं?” काहीच झालं नाही, हेच तर हसण्यासारखं होतं.

खऱ्या अल्कोवर असं केलंस तर आधी काळ्या धुराचा लोट उठेल. इंजिन रिकामं चालत असतं मिनिटाला ४०० फेऱ्यांवर, आठव्या नॉचला १००० वर. तू नॉच वाढवलास की गव्हर्नर लगेच डिझेल वाढवतो, पण इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. डिझेल पोचतं, हवा पोचत नाही, म्हणून तो धूर. फोटो काढणाऱ्यांना आवडतो तो, शेडवाल्यांना नाही. मग अँपिअरचा काटा उडी मारतो, चाकं जागच्या जागी गरगरतात, चाकं घसरल्याचा दिवा लागतो, कपलिंगना हिसका बसतो आणि मागच्या डब्यात कुणाचा तरी चहा सांडतो. आम्ही पहिला नॉच लावून थांबायचो. गाडी हलली हे काट्यावर नाही, बुडाला कळायचं. शेवटचा डबा ओढला गेला की खालून एक बारीक धक्का येतो. तो आला की दुसरा नॉच. तुझ्या खुर्चीत तो धक्का नाही, आणि मला विचारशील तर सगळ्यात मोठी उणीव तीच.

नंतर नातवाने त्या इंजिनाची फाईल उघडून दाखवली. साधा मजकूर असतो त्यात. वजन ११२.८ टन, ताकद २६०० अश्वशक्ती, कमाल वेग १२०, ओढ किती, ब्रेक किती, असं ओळीने लिहिलेलं. आकडे बरोबर होते. पण ती इंजिनाची पत्रिका झाली रे. पत्रिका जुळली म्हणून संसार कसा होईल ते कळत नाही.

माझ्या नोकरीत दोन अल्को सारख्या निघाल्याचं मला आठवत नाही. कागदावर सगळ्या २६०० च्या. एक होती, तिला तिसऱ्या नॉचला दम लागायचा आणि पाचव्याला अंगात यायचं. दुसरीचा ग्राउंड रिले, म्हणजे विजेची गळती झाली की ओढ तोडणारा स्विच, पावसात उगाच पडायचा. घंटा वाजायची, इंजिन आयडलला यायचं, असिस्टंट जाऊन रिसेट करायचा, पुन्हा चालू. म्हणून ड्यूटीवर गेल्यावर आधी लॉगबुक उघडायचं आणि आदल्या ड्रायव्हरने काय लिहिलंय ते वाचायचं. ‘सँडर उजवीकडचे कमी चालतात.’ ‘ट्रान्झिशनला झटका.’ (सँडर चाकांपुढे रुळावर वाळू सोडतात; ट्रान्झिशन म्हणजे वेग वाढताना मोटरींची जोडणी बदलणं.) सासरी निघालेल्या मुलीला आईने कानात सांगावं, तशी ती वाक्यं असायची. खेळातल्या इंजिनाला लॉगबुक नाही, कारण त्याला कालचा दिवसच नाही. दर वेळी ते शेडमधून नवं कोरं निघतं. शंभर अल्को उभ्या केल्यास तरी ते एकाच फाईलचे शंभर ठसे.

हीच गोष्ट मागच्या रेकची, म्हणजे डब्यांच्या माळेची. गाडीच्या ब्रेकचं ए-९ हँडल तू ज्या सफाईने फिरवतोस तसंच मीही फिरवायचो. पाइपात पाच किलोचा दाब, तो कमी केला की ब्रेक लागतात. पण बावीस डब्यांच्या गाडीत सगळ्या डब्यांचे ब्रेक एकाच मनाने लागत नाहीत. एखाद्याचं ब्रेकचं सिलिंडर आयसोलेट करून बंद ठेवलेलं असतं, एखाद्याचे ब्लॉक कालच बदललेले असतात. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हातात मिळतं, ते वाचून सही करतोस, पण विश्वास कागदावर ठेवायचा नसतो. निघाल्यावर जरा वेग आला की सोयीची जागा बघून एकदा ब्रेक लावून बघायचा. ब्रेक फील टेस्ट म्हणतात त्याला. पुण्याहून निघालो की फुरसुंगीच्या आसपास मला अंदाज यायचा की ही रेक कडक आहे की सैल. पुढे जेजुरीच्या प्लॅटफॉर्मवर गाडी कुठे थांबणार, ते तिथेच ठरायचं.

आता रूळ. तुझ्या खेळात पाऊस लावला की चाकांची पकड कमी होते, हे नातवाने दाखवलं, आणि ते चांगलं केलंय. पण तिथे पाऊस सगळीकडे सारखा पडतो. खरा धोका मुसळधार पावसाचा नसतोच, तो रूळ धुऊन काढतो. वाईट असते पहिली भुरभुर. रुळावरची धूळ, तेल, गंज यांचा चिखल होतो आणि लोखंडावर लोणी फासल्यासारखं होतं. हिशोब साधा आहे. इंजिन ११३ टनांचं, सुरुवातीची ओढ तीस टनांच्या घरात. म्हणजे वजनाच्या पाव भागाहून जास्त पकड रुळाने द्यायला हवी. कोरडा रूळ देतो. भुरभुरीतला देत नाही.

एका जूनमध्ये, रात्री, पॅसेंजर घेऊन आळंदीहून शिंदवण्याचा चढ लागला. (ही आळंदी म्हणजे पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन, माउलींची नव्हे. चुकून उतरलेले वारकरी मी पाहिलेत.) वळणावर चाकं फिरली. नॉच कमी केला, वाळू सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा फिरली. सँडरच्या नळीत वाळू ओली होऊन बसली होती. गाडी उभी राहिली. असिस्टंट उतरला, टॉर्च दातात धरून. खडीतली बारीक कच मुठीने रुळावर टाकत इंजिनापुढे चालत गेला. मी गाडी ब्रेकवर धरून पहिला नॉच लावला, काटा चढू दिला, मग ब्रेक अगदी थोडा थोडा सोडला. माणूस चालतो त्याहून कमी वेगाने निघालो. तो पुढे कच टाकतोय, मी मागून अकरा डबे घेऊन येतोय. एकेरी मार्ग होता, समोरून येणारी गाडी आमच्यासाठी अडकलेली. आंबळ्याला पोचलो तेव्हा स्टेशन मास्तर कंदील घेऊन बाहेरच उभे होते. काही बोलले नाहीत. चहा मात्र पाठवला.

हे सगळं तुला खच्ची करायला सांगत नाही. सिग्नल वाचणं, ‘सी/फा’ची (सीटी, फाटक) पाटी दिसली की भोंगा देणं, पिवळा दिसला की कुठून वेग उतरवायचा याचा हिशोब, हे तू खेळातून खरंच शिकला असशील. नव्या असिस्टंटपेक्षा तुला मार्ग जास्त पाठ असेल. आम्हाला तर मार्ग शिकायला दुसऱ्याच्या केबिनमध्ये उभं राहून फेऱ्या माराव्या लागायच्या, रात्रीच्यासुद्धा, आणि मग सही करून द्यायची की हा मार्ग मला येतो.

एक प्रयोग कर. बाहेरून गाडी दाखवणारे सगळे कॅमेरे सोड, फक्त ‘एक’ दाबून केबिनमध्ये बस. एफ-४ ची ती पुढचे सिग्नल दाखवणारी खिडकी बंद. पॉज बंद. इंजिन लाँग हूड पुढे करून लाव, म्हणजे तुझ्यासमोर पूर्ण इंजिनाची लांबी येईल आणि एका बाजूच्या वळणावर तुला काहीही दिसणार नाही. आम्हाला त्या बाजूचं असिस्टंट सांगायचा, तो सिग्नल बघून ओरडायचा “डबल यलो” आणि आम्ही परत ओरडायचो. तुझ्याकडे असिस्टंट नाही, तर धाकट्या भावाला बसव. मिरज ते पुणे सगळं अंतर, मध्ये न उठता. अल्कोत संडास नसतो, हेही लक्षात असू दे.

मग मला परत लिही.

प्रश्न : खेळात बोरघाट उतरताना मी मालगाडी ऐंशीच्या वेगाने खाली आणतो. काही होत नाही. खऱ्या घाटात गाड्या मध्येच का थांबवतात? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : ऐंशी! कर्जतला कुणी ऐकलं तर तुमचा फोटो लावतील, हार घालून.

लोणावळा मुंबईपासून १२८ किलोमीटरवर, कर्जत १०० वर. मधल्या अठ्ठावीस किलोमीटरमध्ये सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर खाली. हजार टनांची गाडी असेल तर सत्तावीस टनांचा जोर तिला सतत खाली ढकलत असतो, आणि तो नॉचसारखा कमी करता येत नाही. बराचसा भार ब्रेक ब्लॉकवर. ते तापतात, तापले की त्यांची पकड उतरते. पळसदरीला गाडी आली की जळक्या लोखंडाचा वास यायचा, तो ज्याने घेतलाय त्याला वेगाची हौस राहत नाही.

म्हणून घाटात कॅच साइडिंग आहेत. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा सिग्नल केबिनपाशी सांधा आधीपासून साइडिंगकडेच लावलेला असतो, आणि ती साइडिंग डोंगरात वर चढत जाते. ड्रायव्हरने गाडी उभी करून दाखवायची. गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. उभी राहिली नाही तर गाडी साइडिंगच्या चढावर जाऊन दमते. प्रवासी खिडकीतून विचारतात, “सिग्नल नाही का?” सिग्नल नसतो, कारण तुमच्या गाडीची परीक्षा चाललेली असते.

चढताना उलटं. कर्जतला मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात आणि खालून ढकलतात. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, तरी दोघांची ओढ आणि ढकल जुळावी लागते. पूर्वी भोंग्याच्या खुणा चालायच्या, नंतर वॉकीटॉकी आले. तुम्ही खेळात दोन्ही इंजिनं एकाच बटणाने चालवता ना? तिथेच बघा किती गेलं.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दिवसभर ट्रेनचा गेम. म्हणतो, लोको पायलट होणार. या खेळाचा भरतीत काही उपयोग होतो का? (एक आई, नाशिक रोड)

उत्तर : ताई, भरतीत शून्य. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा, मग रेल्वे भरती बोर्डाची असिस्टंट लोको पायलटची परीक्षा, त्यानंतर कॉम्प्युटरवर लक्ष आणि चपळाई तपासणारी चाचणी. शेवटी मेडिकल. डोळ्यांची ए-१ श्रेणी लागते, रंग ओळखण्यासकट. रोज आठ तास पडद्याकडे बघणारा मुलगा नेमका तिथेच अडकायचा. आधी त्याचे डोळे तपासून घ्या, अगदी याच महिन्यात. ते ठीक असले तर गेमवरून रागावू नका, फक्त वेळ ठरवून द्या.

रेल्वेच्या ट्रेनिंग सेंटरमध्येही सिम्युलेटर असतो. केबिन खरी, हँडल खरी, खालून हलतेसुद्धा. आणि मागे एक इन्स्ट्रक्टर बसलेला असतो, जो तुम्ही निवांत झालात की मुद्दाम काहीतरी बिघडवतो. आमच्या वेळचे एक साहेब तर बरोबर जेवणाचा डबा उघडायच्या वेळेलाच समोर म्हैस सोडायचे.